ओळख चालणार नाही

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवी नवरी होते. हातातला हिरवा चुडा नुसता वाजत होता, अंगाचा हळदीचा वास गेला नव्हता, आणि त्यांनी दारातच आमच्या ह्यांना विचारलं, "ह्या तुमच्या पत्नी कशावरून?"

मालक वकील, हे नगरपालिकेत कारकून. वकिलाशी बोलायची सवय नाही. म्हणाले, "लग्न झालं ना आमचं, कोल्हारला."

"कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच पाहिलं."

"त्यातलं इथं कोण हजर आहे?"

हजर फक्त टांगेवाला, आणि त्यानं आम्हाला मोटारस्टँडवर प्रथम पाहिलेलं. मी घाबरून मंगळसूत्र पुढे केलं. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाटी निरखली आणि म्हणाले, "हा लग्न झाल्याचा पुरावा. ह्यांच्याशीच झाल्याचा नव्हे."

तेवढ्यात आतून मालकीणकाकू आल्या. "अहो, पोर उन्हात उभी आहे," म्हणाल्या, आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला हाताला धरून आत घेतलं. मालक मागून म्हणाले, "ठीक आहे. तात्पुरतं मान्य." तर असे आम्ही त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत तात्पुरते शिरलो ते लढाई सुरू होऊन संपली, स्वातंत्र्य आलं, माझी दोन मुलं शाळेत जायला लागली, तरी तात्पुरतेच होतो.

गल्लीत त्यांना 'कशावरून वकील' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "लोक मला नाव ठेवतात असं ऐकतो. पण ऐकीव आहे, म्हणून मी ते धरत नाही."

केडगावहून एक गवळण दूध घालायला यायची. मोठी ठसक्याची बाई. तिला एका सकाळी मालकांनी विचारलं, "हे म्हशीचंच दूध कशावरून?"

"आता काय म्हैस आनून बांधू का दारात, वकीलसायेब?"

"आणा."

दुसऱ्या दिवशी बाईनं खरंच म्हैस आणली! केडगावापासून हाकत. सगळी गल्ली दारात. तिनं ओट्यापाशी बसून धार काढली, चरवी त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "बगा, फेस तरी जिरलाय का."

मालकांनी वाकून पाहिलं. "हे आजचं दूध मान्य. पण काल जे घातलंत ते ह्याच म्हशीचं कशावरून?"

"तिलाच इचारा," गवळण म्हणाली आणि म्हैस घेऊन गेली. महिनाभर आमच्या घरात बिनदुधाचा चहा. लढाईचे दिवस, साखर रेशनवर, तेव्हा बिनसाखरेचाही. गुळाचा काळा काढा पीत मालक म्हणायचे, "हा चहा आहे ह्याबद्दल माझ्या मनात शंका आहे," आणि काकू म्हणायच्या, "मग टाकून द्या." तेवढं मात्र ते करत नसत.

स्वतःलाही सूट नव्हती हं. त्यांचा वाढदिवस कधीच झाला नाही. आई सांगायची प्लेगच्या साथीनंतरच्या श्रावणात जन्म झाला. मालकांना ते मान्य नव्हतं. "आईचं म्हणणं आहे. मी स्वतः तिथं होतो, पण मला आठवत नाही," असं गंभीरपणे सांगायचे. काकू दर श्रावणात गुपचूप खीर करायच्या आणि कशाबद्दल ते सांगायच्या नाहीत.

असा माणूस वकिली कशी करायचा, असं तुम्ही विचाराल. कोर्टात त्यांचा अशील समोरच्या वकिलाला नाही, त्यांनाच घाबरायचा. बेलापूरचा एक शेतकरी बांधाच्या भांडणाचं काम घेऊन आला होता. त्याची हकीगत ऐकून मालक म्हणाले, "बांध तुमच्याच बाजूनं सरकवलेला नाही कशावरून?" तो बिचारा कावराबावरा. "सायेब, मी तुमाला पैसं द्याया आलोय का त्याला?" उठून गेला. पण जमीन घ्यायची असली की तोच शेतकरी त्यांच्याकडे यायचा, कारण त्यांनी तपासलेल्या जमिनीवर पुढे कुणी हक्क सांगायला उगवत नसे. त्यावर घर चालायचं. पण जीव सगळा कोर्टात. मे महिन्याच्या सुट्टीत कोर्ट बंद असलं की मालकांचं जेवण कमी व्हायचं. काळा कोट रोज उन्हात घालून, झटकून, परत खुंटीला. काकू म्हणायच्या, "ह्यांचा श्वास त्या कोटाच्या खिशात आहे."

आता काकूंचं सांगते. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. त्या नावाचा देव देवळात असला तर 'आमच्या घरचा देव' म्हणायच्या. हळदीकुंकवाला बायका उखाण्याचा आग्रह करायच्या, तर ह्या खोकल्याचं निमित्त करून उठायच्या. लिहावाचायचं म्हणाल तर मीच त्यांना दुपारी पोथीतलं वाचून दाखवायची, आणि मीही वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकलेली. अशा आम्ही दोघी आणि खाली बैठकीत जगाला पुरावा मागणारे ते.

तर आता वकीलमंडळींची गोष्ट. आमच्या नगरात त्यांचा संघ होता. दरसाल निवडणूक व्हायची आणि दरसाल भांडण व्हायचं. अध्यक्षाला मिळायचं काय? बाररूममध्ये पंख्याखालची खुर्ची. पण त्या खुर्चीसाठी मोठमोठे वकील वर्षभर एकमेकांशी बोलत नसत. एक गट पगडीवाल्यांचा, एक टोपीवाल्यांचा. पगडीवाले म्हणायचे टोपीवाल्यांच्या यादीत निम्मे वकीलच नाहीत, कारकून आणि मुखत्यार घुसवलेत. टोपीवाले म्हणायचे पगडीवाल्यांतले काही तर हयातही नाहीत. लढाई चालू होती त्या वर्षी खुर्च्या उचलण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा ठरलं की मतदानाआधी प्रत्येकाची सनद तपासायची. सनद म्हणजे वकिली करण्याचा सरकारी परवाना. तो असेल तर वकील, नसेल तर काळा कोट घातलेला माणूस.

तपासणार कोण? दोन्ही गटांचा ज्याच्यावर विश्वास असेल असा मनुष्य नगरात मिळेना. मग दोन्ही गट ज्याला सारखेच कंटाळलेले होते असा शोधला. तो आमच्या खालीच राहत होता.

त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यभर लोकांना फुकट विचारत आले, आता विचारायला नेमले गेले. तीन दिवस बसून नोटीस लिहिली आणि मला जिन्यात थांबवून वाचून दाखवली. प्रत्येकानं आपली मूळ सनद समक्ष आणावी. नाव, तारीख आणि शिक्का नुसत्या डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. नक्कल चालणार नाही. शेवटी ठळक अक्षरात, ओळख चालणार नाही.

"ओळख म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे 'अहो मला ओळखलं नाही का' असं म्हणायचं नाही. मी कोणालाही ओळखत नाही." आणि खाली आणखी एक ओळ होती. ज्याची सनद वाचता येणार नाही त्यानं मुंबईहून नवी येईपर्यंत कोर्टात उभं राहू नये. ही ओळ त्यांना कोणी घालायला सांगितली नव्हती. पण दोन्ही गटांना वाटलं ह्यात समोरचा मरणार, म्हणून दोन्ही गटांनी आनंदानं सह्या केल्या.

तपासणीच्या आदल्या दुपारी मालक कोर्टात गेलेले. काकूंनी मला खाली हाक मारली. आवाज वेगळाच. स्वयंपाकघरात पाटावर एक पत्र्याचं नळकांडं, आणि बाजूला एक जाड कागद उलगडून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या.

"इथं काही दिसतं का गं तुला?" त्यांनी बोट ठेवलं.

मी वाकले. "कुंकू दिसतंय काकू."

"त्याच्या खाली?"

"त्याच्या खालीही कुंकूच."

काकू भिंतीला टेकून बसल्या.

तुम्हाला आमच्याकडची खंडेनवमी माहीत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं. सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर. वकिलाचं हत्यार कुठलं? तर सनद! काकूंनी लग्न झाल्यापासून दरसाल ती नळकांड्यातून काढून पाटावर मांडली, अक्षता टाकल्या आणि ओल्या बोटानं कुंकू लावलं. कुठं? कागदावर कुठंही नाही. नेमकं नावावर. पूजा त्या नावाचीच होती ना! इतक्या वर्षांच्या नवम्या एकावर एक बसून तिथं आता खपलीच धरली होती. मी कापसानं जरा पुसून पाहिलं, तर कुंकवाबरोबर कागदच निघून यायला लागला. थांबले.

"नाव तोंडानं कधी घेतलं नाही," काकू म्हणाल्या, "आणि हातानं पुसून टाकलं बघ मी. आता हे उद्या स्वतःलाच घरी बसवतील. ह्यांना तू ओळखतेस. मुंबईहून कागद यायला ह्या लढाईत वर्ष लागेल, दोन लागतील. कोर्टाशिवाय हे जगायचे नाहीत गं."

"आज सांगून टाका त्यांना."

सांगायला गेल्याही. संध्याकाळी ते हातपाय धूत असताना म्हणाल्या, "अहो, आपली ती सनद..."

"तपासणाऱ्याची सनद सगळ्यांत शेवटी," ते म्हणाले. "तपासणीआधी तिच्याविषयी माझ्याशी बोलणं म्हणजे वशिला."

संपलं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि ताट वाढलं.

सकाळी आमच्या गल्लीत काळ्या कोटांची रीघ. प्रत्येकाच्या काखेत पत्र्याचं नळकांडं. समोरचे म्हातारे तांबोळी ओरडून विचारत होते, "काय हो, एकदम एवढ्यांच्या पत्रिका जुळवायच्यात? मुलगी आहे तरी कोण?" बैठकीत मालक कोट घालून बसलेले, समोर भिंग. आम्ही दोघी आतल्या दाराआड.

पहिले आले पगडीवाल्यांचे पुढारी. चांगले गलेलठ्ठ.

"आपण कोण?"

"अरे, काल तर तुझ्याच बाकावर..."

"ओळख चालणार नाही. सनद."

त्यांनी ऐटीत नळकांडं उघडलं. मालकांनी कागद उलगडला, भिंग लावलं, उन्हाकडे धरला. "तारीख आहे. शिक्का आहे. नावाच्या जागी कुंकू आहे. नामंजूर."

टोपीवाले हसले. मग त्यांचे पुढारी पुढे आले. त्यांच्या सनदेवर कुंकू, वर हळद, आणि अक्षतेचा एक दाणा चिकटून राहिलेला. "नामंजूर." मग पगडीवाले हसले. मग तिसरे. मग चौथे. हळूहळू हसणं कमी होत गेलं. बायको जितकी भाविक तितकी सनद लाल! एकांच्या घरी तर तुपाचा दिवा सांडलेला, कागद आरपार दिसत होता. बाहेर ओट्यावर भांडणं जुंपली, पण ह्या वेळी गटागटांत नाही. "तरी मी हिला म्हणत होतो कायद्याच्या पुस्तकाला लाव म्हणून!" असं जो तो आपापल्या घराकडे हात करून बोलत होता.

शेवटी यादीत उरले तीन. सय्यद वकील, मिशनच्या शाळेत शिकलेले एक ख्रिस्ती वकील, आणि एक बिनलग्नाचे, ज्यांच्या घरी पूजा करायला कुणी नव्हतं. सय्यद वकिलांची सनद तर अशी कोरी करकरीत की मालक तिच्याकडे नुसते बघतच राहिले.

"आमच्याकडे कुंकवाचा खर्च नाही," सय्यद वकील मिशीत हसून म्हणाले. पान खाणारे, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ. इतक्या वर्षांत मालकांच्या प्रश्नांना न चिडणारा हा एकच मनुष्य.

ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "आता तपासणाऱ्याची दाखवा!"

"दाखवतो," मालक उठले. "पण स्वतःच्या प्रकरणात स्वतः निकाल देता येत नाही. सय्यदसाहेब, आपण मंजूर वकील. आपण माझ्या जागी बसा." त्यांनी सय्यद वकिलांना आपल्या जागी बसवलं, स्वतः पुढे उभे राहिले आणि आपलं नळकांडं उघडलं.

मी काकूंचा हात धरला होता.

कागद उलगडला. मालकांनी बराच वेळ पाहिलं. त्यांनी तो कागद इतक्या वर्षांत बहुधा पाहिलाच नव्हता. आपला कागद कोण तपासतो! मग घसा खाकरून म्हणाले, "नाव वाचता येत नाही. अर्जदाराजवळ दुसरा पुरावा नाही. नामंजूर करावी." आणि कोटाची वरची गुंडी काढायला लागले.

"थांबा," सय्यद वकील म्हणाले. "निकाल मी द्यायचाय. ह्या जागी कुणाचं नाव होतं हे सांगणारा साक्षीदार कोणी आहे का?"

ओट्यावरच्या एवढ्या वकिलांतून कोणी बोलेना. त्यांचंच प्रत्येकाचं नाव पुसलेलं, ते काय सांगणार!

माझ्या हातातला हात सुटला. काकू उंबरा ओलांडून बैठकीत गेल्या. परक्या पुरुषांपुढे, डोक्यावरचा पदर सावरत. कोणी असं पाहिलं नव्हतं. "मी आहे," म्हणाल्या.

"वहिनी, बसा," सय्यद वकील उठून उभे राहिले. "सांगा. काय नाव होतं तिथं?"

काकूंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता खोकतील आणि परत येतील. पण नाही. तोच बारीक आवाज, पण ओट्यापर्यंत गेला.

"पाटावर सनद, सनदेवर नाव, नावावर कुंकू लावलं बाई,
... रावांशिवाय तिथं दुसरं कुणीच नाही."

ते नाव मी इथं लिहीत नाही. काकूंनी ते चारचौघांत एकदाच घेतलं, माझ्या कागदावर उगाच कशाला? ओट्यावरून मात्र "वा! वा!" झालं. एक पगडी चक्क डोळे पुसत होती.

"हरकत!" मालक ओरडले. "साक्षीदार अर्जदाराची पत्नी आहे, म्हणजे हितसंबंधी. शिवाय इंग्रजी वाचता येत नाही. तिथं तेच नाव होतं हे तुम्हाला कशावरून कळलं?" घरात ते काकूंना अगं म्हणायचे. साक्षीदार म्हणून 'तुम्ही' केलं.

"तुम्हीच दाखवलंत," काकू म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला. माझं बोट धरून तिथं टेकवलंत. म्हणालात, इथं लाव, हा मी."

"ऐकीव!" मालक म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

"ऐकीव कशी?" सय्यद वकिलांनी पान गालात सरकवलं. "सांगणारा इथं माझ्यासमोर उभा आहे. वकीलसाहेब, खरं सांगा. धरलं होतंत का बोट?"

एवढा सबंध जगाला उलटं विचारणारा माणूस, गुंडी अर्धी काढलेली, कानापर्यंत लाल झालेला. खोटं तर बोलता येत नव्हतं त्यांना, ते कधीच जमलं नाही.

"धरलं होतं," ते म्हणाले.

"कबुली आली. अर्जदारानं कबूल केल्यावर साक्षीदार हितसंबंधी असो नसो. सनद मंजूर."

मग जे झालं ते नगरात वर्षभर पुरलं. ओट्यावरच्या वकिलांनी मुद्दा ताबडतोब उचलला. दुसऱ्या दिवशी गल्लीत टांग्यांची रांग, आणि टांग्यांतून शालू नेसलेल्या वकीलिणी. एकेक उखाणा, एकेक कबुली, एकेक सनद मंजूर. एकींनी आधी पाटल्यांचं कबूल करून घेतलं आणि मगच नाव घेतलं म्हणे. एकांची बायको रागावून माहेरी गेलेली होती, त्यांचं मत बुडालं आणि त्यांचा गट एका मतानं पडला. खुर्ची पगडीवाल्यांना मिळाली. पंखा त्याच आठवड्यात बंद पडला.

पण मला सांगायचंय ते पहिल्या संध्याकाळचं. मंडळी गेली. बैठकीत दोघंच. मी कपबशा गोळा करायला गेले होते, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मालक सनद गुंडाळत होते, ती नीट गुंडाळलीच जाईना.

"निकाल बरोबर लागला," ते म्हणाले, "पण सय्यदचा कायद्याचा मुद्दा कच्चा आहे." मग जरा थांबून, "साक्ष मात्र चांगली दिलीत. डगमगला नाहीत."

काकू म्हणाल्या, "मी घेतलं. आता तुमची पाळी."

"कसली?"

"माझं नाव घ्या. उखाण्यात."

मालक बसले. उठले. छताकडे पाहिलं. ज्यानं दिवाणी कोर्टात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहून बोलावं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "मला मुदत हवी."

"दिली," काकू म्हणाल्या. "चहा होईपर्यंत."

मी आत जाऊन चहा ठेवला. आणि तो चांगला बराच वेळ उकळू दिला.